एका रांगेतलं जपानी जेवण

ता. ३, सोमवार

दोन काड्यांनी जेवायला शिकण्याची आजपर्यंतची खरी किंमत: एक काचेची वाटी, एक पांढरा शर्ट, अंगठ्याच्या मुळाशी आलेला गोळा, आणि बायकोच्या मनातला माझ्याबद्दलचा आदर, जो मुळातच शिलकीत फार नव्हता. मिळकत: एक शेंगदाणा. बाकीचे सोफ्याखाली आहेत.

"जेवायला चाललात की मोतीबिंदूच्या ऑपरेशनला?" असं ही म्हणाली. मी मान वर केली नाही. मान वर केली की शेंगदाणा पडतो.

कारण असं. शहराच्या टोकाला नवं इस्पितळ उभं राहतंय. तिथल्या सगळ्या लिफ्टा सांभाळायचं काम कुणाला द्यायचं, ते तिथल्या कारभारी बाई ठरवणार आहेत. आमच्या कंपनीनं जन्मात एवढं मोठं काम पाहिलेलं नाही. मिळालं तर आम्ही चार माणसांच्या डबड्या लिफ्टांमधून बाहेर पडू. नाही मिळालं तर, माझ्या लेकीच्या शब्दांत, "लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करत आपण जिनेच चढत राहू." बाईंना जपानी जेवण आवडतं हे लेकीनं कुठूनतरी काढलं आणि पुढच्या बुधवारी शहरातल्या जपानी हॉटेलात तीन जागा राखून ठेवल्या.

"बाबा, तुम्ही यायलाच हवं. कंपनी तुमची आहे. फक्त कमी बोला."

"मग करू काय?"

"ऐका."

मला ऐकायला सांगते! ज्याच्या कानांवर ही कंपनी उभी राहिली, त्याला! मी फिटरच्या हाताखाली लागलो तेव्हा एक लांब स्क्रूड्रायव्हर आणि दोन कान एवढंच माझं भांडवल होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. मोटर आपलं दुखणं आपण होऊन सांगते. लोक मला 'लिफ्टचा डॉक्टर' म्हणायला लागले ते काही डिग्री बघून नाही.

लेकीकडे डिग्री आहे. गेली दोन वर्षं ती माझ्या मागे लागली आहे की कंपनं मोजायचं यंत्र घेऊ या, मोटरचा दोष यंत्रावर ठरवू या, आणि तपासणीच्या कागदावर सही तुमची नको, माझी असू दे. मी सांगून ठेवलंय, मी आहे तोवर कान माझा आणि सहीही माझी. या विषयावर आमच्या घरात चर्चा होत नाही. नुसती दारं आपटतात.

ता. ५, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत टेबलावर वॉशर पसरून काड्यांनी उचलण्याचा सराव. मुकादम दारात उभा राहून बघत होता. तो आणि मी एकाच वर्षी या धंद्यात आलो. मी मालक झालो, तो शहाणा झाला.

"साहेब, चिमटा देऊ?"

"काम नाही का तुला?"

"आहे ना. पण हे बघायला परत मिळणार नाही."

दुपारी दोघं जुन्या टॉवरवर गेलो. तिथल्या मोटरमधून बारीक शिट्टी येते, असं त्याचं म्हणणं. मी रीतसर स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. घरघर कशी भरदार, जेवून झोपलेल्या माणसासारखी. शिट्टीचा पत्ता नाही.

"कुठे शिट्टी?"

"येतेय की साहेब. आत्तासुद्धा येतेय."

"तुझ्या कानात येत असेल. मळ काढून घे."

मी कागदावर 'ठीक' लिहून सही केली. मुकादम थकत चालला आहे. त्याला आता खालचीच कामं द्यावीत म्हणतो.

ता. ८, शनिवार

दाराची बेल बिघडली. परवा पाहुणे ताटकळले, काल इस्त्रीवाला परत गेला. ही म्हणते बेल चांगली आहे. मी उघडली, पुसली, तारा तपासल्या, दोष काही सापडला नाही. तरी नवी आणून बसवली. नवीही बिघडलेलीच निघाली. हल्ली मालच असा येतो.

संध्याकाळी टीव्हीवरून आमचं नेहमीचं. "आवाज जरा कमी करा," ही म्हणाली, "शेजारच्या वहिनी त्यांचा टीव्ही विकायचा म्हणताहेत. मालिका आपल्याच घरातून ऐकू येते म्हणून."

लेकीनं जपानी रीतभातीचा व्हिडिओ पाठवला होता. सांगणारी मुलगी नुसतं पुटपुटत होती, पण खाली अक्षरं येत होती म्हणून बरं. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत. आपल्या काड्यांतला घास दुसऱ्याच्या काड्यांत द्यायचा नाही. आचाऱ्यानं समोर ठेवलेला घास तिष्ठत ठेवायचा नाही. आणि समोरचा बोलत असताना मधूनमधून मान डोलावून 'हं, हं' करत राहायचं. नुसतं गप्प बसलात तर तुमचं लक्ष नाही असं त्यांना वाटतं.

हा शेवटचा नियम मला फार आवडला. यात काही सांडत नाही. आरशासमोर उभं राहून थोडा केला.

"हे काय चाललंय?" हिनं विचारलं.

"जपानी पद्धत आहे. ऐकण्याची."

"अगंबाई. माझ्यासमोर तर लग्न झाल्यापासून हेच करताय. मला वाटायचं तुमचं लक्ष नसतं."

ता. ११, मंगळवार

नवे मोजे आणले. उद्या बूट काढावे लागले तर अंगठ्यानं बाहेर डोकावू नये. ही म्हणाली, "काम मिळालं नाही तर निदान मोजे तरी राहतील." घरातूनच असा पाठिंबा असला की माणूस पुढे जातो.

ता. १३, गुरुवार

कालचा दिवस विजयाचा. सविस्तर लिहितो.

बूट काढायला कुणी सांगितलं नाही. मोजे वाया गेले. सरकतं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि सगळे आचारी एका सुरात काहीतरी ओरडले. मी दचकलो. स्वागत करायची त्यांची पद्धत ती. इतकी खणखणीत बोलणारी माणसं हल्ली भेटत नाहीत. माझं त्या हॉटेलाबद्दल तिथेच मत चांगलं झालं.

पण टेबल नाही. एक लांबलचक लाकडी फळी, फळीपलीकडे आचारी, अलीकडे आपण सगळे एका रांगेत, त्याच्याकडे तोंड करून. मला बसच्या थांब्यावर बसल्यासारखं वाटायला लागलं. ज्याच्याशी बोलायचं त्याचं तोंड दिसत नाही, हे कसलं जेवण? मधे बाई, त्यांच्या पलीकडे लेक, अलीकडे मी. मागे कुणाच्यातरी बढतीची पार्टी रंगात आलेली. शिवाय डोक्यावर धूर ओढणारा मोठा पंखा, त्याचा पट्टा सैल होता. धब, धब, धब. हे मी बाईंना बसल्याबसल्या सांगितलं. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहून हसल्या. पहिला गुण आपला.

बाई लहानखुऱ्या, चष्म्याच्या, आणि आवाज असा की कबुतरांना दाणे टाकताना वापरावा. एवढं मोठं इस्पितळ चालवणाऱ्या बाईनं जरा घसा खाकरून बोलावं की नाही? पण माझी तयारी होती. त्यांचा चष्मा हलताना दिसला की मी मान डोलवायचो. "हं. हं."

जेवणाला मेनूकार्ड नाही. आचारी त्याच्या मनाला येईल ते करतो, एकेक घास समोर ठेवतो, ठेवताना काहीतरी सांगतो. पहिला घास आला, भाताची मूठ आणि वर माशाची गुलाबी फीत. आचारी काहीतरी बोलला. मी "हं, हं" केलं आणि काळा सॉस त्या घासावर असा सोडला की भाताचं बेट झालं. आचाऱ्यानं एक शब्द न बोलता बशी उचलली आणि दुसरा घास करून ठेवला.

लेक बाईंच्या मागून वाकून म्हणाली, "बाबा! त्यांनी सॉस आधीच लावलाय. तेच तर सांगत होते."

"माहीत आहे. मला जास्त लागतो."

मग काड्या उचलल्या. दहा दिवसांची तपश्चर्या. घास धरला, उचलला, अर्ध्या वाटेवर भात खाली आणि मासा काड्यांत. आचारी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आपली तीन बोटं वर केली, एक खोटा घास उचलला आणि तोंडात टाकला. सुशी हातानं खाल्लेली चालते! उलट जुन्या जाणत्यांची तीच पद्धत, असं लेकीनं नंतर सांगितलं. म्हणजे मी सोफ्याखाली शेंगदाणे पेरत होतो ते कुणासाठी? शेजारी बाई पहिल्यापासून हातानंच खात होत्या. रांगेत बसल्यामुळे मला तेही दिसलं नव्हतं.

त्यानंतर गाडी रुळावर आली. सूप आलं. झकास होतं. सूप पिताना बाई वाटी खाली ठेवून बराच वेळ बोलल्या, अर्थात आचाऱ्याकडे तोंड करून. मागच्या पार्टीत तेव्हाच टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी लय सोडली नाही. "हं. हं." शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हं." मग त्या पूर्ण वळल्या, माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "नक्की?" हे मला स्पष्ट कळलं. सूपबद्दल शंका कसली?

मी म्हटलं, "अगदी नक्की. माझं पहिल्यापासून तेच मत आहे."

त्यांच्या पलीकडे लेकीचा हात वाटीजवळ तसाच राहिला. तिचे डोळे भरून आले. उठून घाईघाईनं हात धुवायच्या खोलीत गेली, परत आली ती नाक लाल करून. ती हिरवी तिखट गोळी असते, वासाबी, ती नको तेवढी खाल्लेली दिसली. मला सगळ्यांनी बजावलं होतं आणि ठसका लागला तिला! मी म्हटलं, "पाणी पी, बाळ. असं होतं पहिल्यांदा." तर ती हसायलाच लागली, आणि डोळे आणखी वाहायला लागले. वासाबी भयंकरच असते.

खाली उतरताना लिफ्टमध्ये तिनं माझा दंड धरला, तो गाडीपर्यंत सोडला नाही. शाळेत असताना धरायची तसा. घरी येऊन हिला सांगितलं, पोरगी तिखटानं हळवी झाली.

ता. १४, शुक्रवार

काम मिळालं! बाईंचा निरोप सकाळीच आला. सगळ्या लिफ्टा आपल्या. लेक केबिनमध्ये येऊन म्हणाली, "बाबा, हे तुमच्यामुळे झालं." मी म्हटलं, "अगं, मी काय केलं? नुसतं ऐकून घेतलं." खोटा विनय दाखवायला फार मजा येते. तरुण पोरांनी माझ्याकडून हे शिकावं, की समोरच्याला बोलू द्यावं. माणूस ऐकून घेण्यानं मोठा होतो. हे मी ऑफिसात दोनदा बोलून दाखवलं आणि घरी एकदा. घरी हिनं नुसतं "हं, हं" केलं.

ता. १७, सोमवार

आज सकाळी ऑफिसात पोचलो तर माझ्या टेबलावर एक काळी पेटी. लेक, मुकादम आणि सगळे फिटर भोवती. पेटीत ते कंपनं मोजायचं यंत्र.

"हे कुणी मागवलं?"

"मी. शुक्रवारीच," लेक म्हणाली. इतक्या आनंदात की मला ओरडायला जागाच सापडेना. "आजपासून तपासणीच्या कागदांवर माझी सही. सगळ्यांना सांगितलं मी. बाबा, तुम्ही स्वतः सांगायला हवं होतं खरं तर, पण तुम्ही काही बोललाच नाहीत. म्हटलं, बाबांना अवघड वाटत असेल."

"कशाबद्दल?"

"असं काय करताय? बाईंना हो म्हणालात त्याबद्दल!" ती फिटरांकडे वळली. "अरे, बाई काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, 'माझ्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर असतं. तिथे मी कुणाच्या कानावर विसंबून राहणार नाही, तुमचा कान कितीही नावाजलेला असला तरी. दोष यंत्रावर ठरला पाहिजे, जबाबदारी आणि सही मुलीची हवी, आणि तुमच्या सगळ्याच कामांवर, नुसत्या माझ्या नाही. चालेल?' मी तर श्वास धरून बसले होते. म्हटलं, आता बाबा उठून जाणार. आणि बाबा म्हणतात, हं! बाईंनासुद्धा खरं वाटेना. त्यांनी परत विचारलं, नक्की? तर बाबा म्हणतात, माझं पहिल्यापासून तेच मत आहे!"

फिटरांनी टाळ्या वाजवल्या. मुकादम माझ्याकडे बघत होता. तो टाळ्या वाजवत नव्हता.

मी सूपबद्दल बोलत होतो.

हे वाक्य जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "हो. म्हणालो खरं," आणि केबिनचं दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावलं. माझ्याच केबिनमध्ये मी पाहुण्यासारखा बसून होतो.

ता. १८, मंगळवार

शांत डोक्यानं विचार केला. शब्द फिरवायचा तर सांगावं लागेल की बाई काय बोलल्या ते मला ऐकूच आलं नाही. म्हणजे 'लिफ्टचा डॉक्टर' रांगेत शेजारी बसलेल्या बाईचं बोलणं ऐकू शकत नाही. मग मोटरचं काय ऐकणार? आणि शब्द पाळायचा तर कान राहतो, पण त्या कानाला काम राहत नाही. सही गेली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या फळीवर मी हातानं सुशी खात बसलेला.

आधी लेकीवर संशय आला. तिनं आणि बाईंनी मिळून कट केला असेल. मला मुद्दाम रांगेत बसवलं. पण मग ते डोळे आठवले. कट करणारी माणसं हात धुवायच्या खोलीत जाऊन रडत नाहीत. आणि मी तिला पाणी पी म्हणालो.

दुपारी ठरवलं, बाईंनाच फोन करून अंदाज घ्यावा. अटीत थोडं इकडेतिकडे होतं का बघावं. फोन लावला. बाई बोलल्या. मी मान डोलावली. बाई आणखी बोलल्या. मी आणखी डोलावली. पलीकडे शांतता झाली, मग फोन बंद. फोनवर नुसती मान डोलावून भागत नाही, हे मला फोन ठेवल्यावर उमजलं. 'हं' म्हणायचं राहूनच गेलं होतं.

बाई काय म्हणाल्या, देव जाणे. मी त्यांना आणखी काही देऊन टाकलं नसलं म्हणजे मिळवली.

पण दोष फोनचा आहे. हल्लीच्या फोनमधून आवाज पातळ येतो. मला सगळं ऐकू येतं. काल मुकादम दोन खोल्या पलीकडे जिन्यावरून पाय घासत गेला, तेसुद्धा ऐकू आलं. फक्त काही माणसं, आणि त्यातून बायका, नीट बोलत नाहीत.

ता. २०, गुरुवार

लेकीनं यंत्राची सुरुवात जुन्या टॉवरपासून केली. मुद्दाम नाही. तिच्या यादीत ती पत्त्यांच्या क्रमानं पहिली इमारत होती. मी बरोबर गेलो, कारण कुणी नको म्हटलं नाही.

यंत्राचं चुंबक मोटरला चिकटवलं. पडद्यावर रेघ उठली, ताडासारखी. मुकादमानं लिफ्ट बंद करून पाटी लावली आणि बेअरिंग उघडलं. आतल्या गोळ्यांना देवी आल्यासारखे खड्डे पडले होते.

मी स्क्रूड्रायव्हर मागितला. तोवर मोटर बंद झाली होती, पण हातात काहीतरी हवं होतं.

"ही शिट्टी केव्हापासून येत असेल?" लेकीनं विचारलं.

मुकादम बेअरिंग पुसत राहिला. "असेल दोनेक आठवडे," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. कागदावरच्या माझ्या 'ठीक'बद्दलही तो बोलला नाही. मळ काढून घे म्हणालो होतो मी त्याला.

मोटर अडकली असती तर लिफ्ट मजल्यांच्या मधे थांबली असती. तिथे वरच्या मजल्यावर एक आजी आहेत, ऑक्सिजनची नळी लावून रोज खाली बागेत जातात. मला त्या ओळखतात. "डॉक्टर आले का?" असं विचारतात. आज लिफ्टच बंद, त्यामुळे त्या खाली आल्याच नाहीत. मीच जिना चढून त्यांना सांगायला गेलो. बेल दाबली. बेल वाजली की नाही कळेना, म्हणून परत दाबली, परत दाबली. दार उघडून त्या म्हणाल्या, "अहो हो, ऐकू आलं!"

आलं असणार. त्यांना.

घरी आलो. नवी बेल काढून जुनी परत लावायला घेतली. ही स्टूल धरून उभी होती. म्हटलं, "तुला बेल पहिल्यापासून ऐकू येत होती?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं स्टूल सोडलं नाही. "काय सांगायचं होतं?" म्हणाली. "बेल चांगली आहे, हे सांगितलं होतं की."

ता. २१, शुक्रवार

लेकीला म्हटलं, चल, जेवायला जाऊ. त्याच हॉटेलात. ती म्हणाली, "परत? बाबा, तुम्हाला आवडायला लागलं की काय?" मी फोन करून (म्हणजे हिला करायला लावून) कोपऱ्यातलं टेबल मागितलं. समोरासमोर बसायचं, म्हणून बजावलं.

आत जाताच आचारी ओरडले. फळीपलीकडच्या माझ्या आचाऱ्यानं मला ओळखलं आणि तीन बोटं वर केली. मीही केली. बाकीच्या जगात काय होईल ते होवो, इथे माझी ओळख झाली आहे.

सूप येईपर्यंत मी हवापाण्यावर बोललो. ती म्हणाली, "बाबा, काय झालंय?"

"त्या दिवशी बाई बोलल्या ते मी ऐकलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे ऐकू आलं नाही. एक शब्दही नाही. मी जपानी पद्धतीनं मान डोलावत होतो. माझं पहिल्यापासूनचं मत होतं ते सूपबद्दल."

मला वाटलं होतं ती हसेल. मी तसं वाक्य जुळवूनच आलो होतो. तिनं काड्या खाली ठेवल्या, एकमेकींना लावून, नीट.

"कान कमी झालेत ते माहितीय आम्हाला," ती म्हणाली. "आईला, मला, मुकादमकाकांना. सगळ्यांना माहितीय. त्याचं काही नाही." मग तिनं वाटी बाजूला सारली. "पण मग तुम्ही हो म्हणालाच नव्हतात."

मी मान डोलावली, ऐकून.

"मला वाटलं, एकदाचं... मी तिकडे खोलीत जाऊन रडले, बाबा. तुम्ही परक्या माणसासमोर, माझ्यासाठी... आणि तुम्ही सूप." तिनं नाक पुसलं. वासाबी अजून आली नव्हती. "ठीक आहे. मी उद्या बाईंना सांगते. काम गेलं तर गेलं. असं चोरून मिळालेलं नको मला."

ही माझी लेक. नाकावरचा राग आणि सरळ कणा, दोन्ही माझ्याकडून उचललेत. वापर मात्र तिनं जास्त चांगला केलाय.

"थांब," मी म्हटलं. "मला परत विचार."

"काय?"

"बाईंनी विचारलं तेच. आता समोर बसली आहेस, तोंड दिसतंय. सावकाश विचार."

"बाबा, नाटक नको."

"विचार तर."

तिनं विचारलं. सगळं, न गाळता. कानावर विसंबायचं नाही. यंत्र. जबाबदारी तिची. सही तिची, सगळीकडे. मागे कुणीतरी खळखळून हसत होतं, वर पंख्याचा पट्टा अजून सैलच होता, पण मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि एकेक शब्द कळत होता. प्रत्येक शब्द टोचतही होता, हे लपवून काय करू? ही दैनंदिनी आहे.

"चालेल?" तिनं विचारलं.

"चालेल."

"नक्की?"

"माझं पहिल्यापासून हे मत नव्हतं," मी म्हटलं. "काल बेअरिंग बघितल्यापासून झालं."

ती हसली. मग रडली. मी या खेपेला पाणी पी म्हणालो नाही. रुमाल दिला.

मग ती डोळे पुसत, अगदी धंद्यातल्या आवाजात म्हणाली, "माझी एक अट आहे. कान तपासून घ्यायचे. मंगळवारी."

"घेईन. पण आधीच सांगून ठेवतो, डावा थोडा उतरला असेल, मोटर-खोलीत त्या बाजूनं उभा राहायचो म्हणून. उजवा कान मांजराचा आहे. उंदीर मिशा पुसतो तेही ऐकू येतं त्याला. तपासणाऱ्या बाईच चकित होतील, बघ."

"हं, हं," लेक म्हणाली आणि मान डोलावली.

ता. २५, मंगळवार

कानाच्या दवाखान्यात गेलो. काचेची लहानशी खोली, दाराला जाड गादी. तपासणाऱ्या बाईंनी कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आधी उजवा कान. आवाज आला की बटण दाबायचं, कितीही बारीक असला तरी.

सुरुवातीला जाडे आवाज आले. बूं, बूं. मी पटापट बटण दाबलं. काचेतून बाईंकडे बघून हसलोसुद्धा. मग आवाज बंद पडला. थोडा वेळ वाट बघितली. म्हटलं, बाई काहीतरी लिहीत असतील. आणखी वाट बघितली. नवी यंत्रं, हल्ली मालच असा येतो. शेवटी राहवेना. काचेवर टकटक केलं, हेडफोनच्या तारेकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "बाई, वायर कुठेतरी तुटलीय. उघडून बघू का? मी लिफ्टवाला आहे."

बाई उठून आत आल्या. माझ्यासमोर, तोंड दिसेल अशा उभ्या राहिल्या.

"वायर चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आवाज चालूच होते. उजवा कान झाला. आता डावा घेऊ."